ग्राउंडवरचं गवत टिकत नाही? नुसतं बी टाकून भागणार नाही, अर्धं मैदान दोन महिने बंद ठेवा

छत्रपती संभाजीनगर : फुलंब्री असो, कन्नड असो की पैठण, गावातलं शाळेचं मैदान दिवसभर मोकळं नसतं. पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी धावतात, दिवसा शाळा, संध्याकाळी क्रिकेट. पावसाळ्यात हिरवं दिसणारं मैदान दिवाळीनंतर मधूनच टकलं होतं आणि मार्चमध्ये नुसता फुफाटा उडतो. भरतीला मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. तो सराव रोज दगडासारख्या जमिनीवर केला तर नडग्या आणि गुडघे बोलायला लागतात. म्हणून गवत हा नुसता शोभेचा विषय नाही.

गवत का मरतं?
पायाखाली तुटलेलं पान परत फुटतं. खरं नुकसान जमिनीत होतं. सारखं तुडवल्यानं माती दबते, तिच्यात हवा आणि पाणी शिरत नाही, मुळं वरच राहतात. काळी माती ओली असताना तुडवली तर आणखी घट्ट होते. म्हणून पाऊस उघडल्यावर लगेच खेळू नका, जमीन वाफशावर येऊ द्या.

कोणतं गवत?
आपल्याकडे याला हरळीच बरी. हीच आपली दूर्वा. शेतात जिच्यामुळं डोकेदुखी होते, तीच मैदानात कामाची. ती जमिनीवरून आणि जमिनीखालून पसरते, त्यामुळं वरून तुडवली तरी खालून परत फुटते. मात्र तिला ऊन लागतं. लिंबाच्या किंवा वडाच्या दाट सावलीत बी वाया घालवू नका.

काम कधी आणि कसं?
जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, चांगला पाऊस होऊन जमीन ओलावल्यावर.

१. उरलेलं गवत विळ्यानं बारीक कापा, कचरा दाताळ्यानं ओढून काढा.
२. दबलेल्या जागी पहारीनं वीतभर अंतरावर तीन-चार इंच खोल भोकं पाडा.
३. चाळलेलं शेणखत आणि वाळू मिसळून पातळ थर पसरा, भोकांतही जाऊ द्या.
४. गुंठ्याला साधारण एक किलो हरळीचं बी धरा. दाणे फार बारीक असतात, म्हणून चार-पाच घमेली वाळूत मिसळून आधी उभं, मग आडवं फोका.
५. दाताळं हलकं फिरवा. बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही.

उगवायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर वरची माती सुकता कामा नये. आपल्याकडे जुलैत पावसाचा खंड पडतो, तेव्हा पाण्याची सोय नसेल तर बियाण्यावर पैसे घालू नका. शेतातून वेचलेल्या हरळीच्या काशा तुकडे करून वीतभर अंतरावर लावा. त्या ताण जास्त सोसतात आणि फुकटात मिळतात. महिन्याभरानं ओल असताना गुंठ्याला अर्धा किलो युरिया पुरे.

सगळ्यात अवघड काम : मैदान बंद ठेवणं
कोंब नवीन असताना त्याला ना मूळ असतं ना गाठ. एक क्रिकेटची मॅच किंवा एक शेळ्यांचा कळप, की सगळी मेहनत गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी पाळून डोंगर हिरवे केले. मैदानाचा नियमही तोच, आधी पाय थांबले पाहिजेत.

पण सगळं ग्राउंड बंद केलं तर भरतीच्या पोरांनी जायचं कुठं? म्हणून मैदानाचे दोन भाग करा. एक भाग यंदा सहा ते आठ आठवडे बंद, दुसरा पुढच्या वर्षी. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाची जागा यंदाच्या मोकळ्या भागात ठेवा. शाळा, ग्रामपंचायत आणि खेळणारी पोरं यांनी हे पेरणीआधीच बसून ठरवावं. नुसती दोरी बांधून कोणी ऐकत नसतं.

गवत धरल्यावर
धावण्याची पट्टी दर आठवड्याला चार पावलं सरकवा. क्रिकेटची खेळपट्टी आणि गोलपोस्टही हलवत राहा. फाटकापासून वर्गापर्यंतची वाट मात्र कायमची असते, तिथं गवताचा हट्ट सोडून मुरूम टाका.

डिसेंबर-जानेवारीत हरळी पिवळी पडते, तिची वाढ मंदावते. काही देशांतल्या मैदानांवर अशा वेळी रायग्रासचं बी टाकून हिरवेपणा राखतात. त्याला हिवाळाभर पाणी लागतं आणि ऊन तापलं की ते मरतं. उन्हाळ्यात प्यायला टँकर लागणाऱ्या गावांनी त्या नादाला लागू नये. पिवळी हरळी मेलेली नसते. तेवढे दिवस तिच्यावरचा भार कमी करा, पहिल्या पावसात ती परत उठेल.