सांडपाण्याचा नळ आणि फुलदाणी

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर १८२८ साली कॅप्टन स्लीमनला डायनोसॉरची हाडं सापडली, म्हणून अभ्यासकांची पावलं आजही तिकडे वळतात. ज्या लमेटा खडकांत ती होती, त्यांच्याखाली ‘जबलपूर’ याच नावाचा, दहा कोटी वर्षांहून जुना खडकस्तर आहे. छोटा शिमला टेकडीवर तो उघडा पडलेला दिसतो. त्यातली पांढरी चिकणमाती मला हाडांइतकीच मोलाची वाटते.

या मातीत लोह कमी, त्यामुळे ती प्रखर आचेलाही टिकते. तिच्याच जोरावर बर्न कंपनी आणि परफेक्ट पॉटरी यांचे कारखाने इथे उभे राहिले. कौलं, भट्टीच्या विटा आणि सांडपाण्याचे झिलईदार नळ ही त्यांची ओळख.

नळाची झिलई मिठाची असते. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास तापली की आत चक्क मीठ टाकतात. त्याची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाशी संयोग पावतं आणि नळाच्या अंगावरच काचेचा पातळ थर धरतो. पाणी त्यातून झिरपत नाही, आम्लही त्याला खात नाही.

लंडनच्या लॅम्बेथमध्ये हेन्री डोल्टन १८४६पासून असेच नळ बनवत होता. शेजारच्या कलाशाळेच्या जॉन स्पार्क्सने त्याला गळ घातली आणि त्याच मिठाच्या झिलईत फुलदाण्या भाजल्या जाऊ लागल्या. तिथली कलाकार हॅना बार्लो ओल्या मातीवर टोकदार हत्याराने घोडे, हरणं कोरायची. थर इतका पातळ, की तिची एकही रेघ बुजत नसे. नळांच्या कमाईवर वाढलेली ती भांडी आज व्हिक्टोरियन कलाकुसरीचा नमुना म्हणून संग्रहालयांत मानाने मांडलेली असतात.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरीने १८७०च्या दशकात सिंधची झिलई आणि अजिंठ्याची नक्षी एकत्र आणली. ती भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. ती जरूर पाहावीत.

जबलपूरच्या मातीकामाला मात्र संग्रहालयात असं कपाट हवं आहे. राणी दुर्गावती संग्रहालयात शिल्पांशेजारी त्याला जागा मिळावी. आणि जबलपूरकरांनो, जुनं घर पाडताना कारखान्याचा शिक्का असलेलं कौल किंवा नळ हाती लागला, तर तो राडारोड्यात टाकू नका. संग्रहालयाला कळवा.