शरीराला मिळालेला स्वर

गायक तंबोरा लावतो तेव्हा बोटांनी काय करावयाचे हे त्याला कान सांगतो. खुंटी किंचित पिळावी, स्वर चढल्याचे ऐकावे, पुन्हा थोडी मागे घ्यावी. भोपाळच्या रसिकांना हे निराळे सांगावयास नको. येथील ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी वर्षानुवर्षे शिष्यांकडून एकेका स्वराची अशी साधना करवून घेतली, आणि उज्जैनचे आपले मराठी गायक उदय भवाळकर याच केंद्रात घडले. स्वर हलला हे ऐकू येते, म्हणून तो सावरता येतो. परंतु आपल्या कपाळाचे स्नायू आवळले आहेत, तळहातांना सूक्ष्म घाम सुटला आहे, बोटे गार पडली आहेत, हे आपणांस कोण सांगणार? या घडामोडींना आवाज नसतो. तो यंत्राच्या साहाय्याने त्यांना मिळवून द्यावयाचा आणि रुग्णाने तो ऐकून स्वतःला सावरावयाचे, याला बायोफीडबॅक म्हणतात.

हे नाव १९६९ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे दाते स्वतःही बायोफीडबॅककडे वळले. इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी शवासनासारखी विश्रांती आणि यंत्राचा ध्वनी या दोहोंची सांगड घातली. त्वचेतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाचे मापन स्वरात उतरे, आणि ताण ओसरला की स्वर खाली येई. १९७३ साली त्यांनी २० रुग्णांचा वृत्तांत दिला. पाच जणांचे औषध थांबविता आले, सात जणांचे कमी करता आले, चौघांचा दाब अधिक आटोक्यात आला आणि चौघांना काहीच लाभ झाला नाही. हे शेवटचे चौघे विसरू नयेत. शिवाय औषध थांबविण्याचा निर्णय वैद्याचा होता, यंत्राचा नव्हे.

आज तेच काम संगणकावरील सॉफ्टवेअर करते. बोटांवर किंवा कपाळावर संवेदक लावले की पडद्यावर रेषा धावू लागतात. पण रेषा पाहावयाची तर डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि डोळे ताठ ठेवून अंग सैल सोडणे कठीण. म्हणून ध्वनीची योजना. ती नीट न झाल्यास मात्र उपचार उलटा फिरतो. कर्कश आवाज कानी पडताच रुग्ण दचकतो, दचकला की घाम वाढतो, घाम वाढला की आवाज आणखी चढतो. बिचारा ज्या ताणातून सुटण्यास आला, तोच ताण यंत्र त्याला देऊ लागते!

म्हणून आरंभी ध्वनी मुळीच सुरू करू नये. तीन ते पाच मिनिटे रुग्णाला शांत बसू द्यावे आणि त्या वेळचे मापन सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावे. त्या आधारे यशाची मर्यादा ठरवावी. पहिल्या बैठकीत ती इतकी सोपी असावी की, दहापैकी सहा-सात वेळा रुग्णाला ती गाठता यावी. पुढे ती हळूहळू कठीण करावी. पहिल्याच दिवशी कठीण मर्यादा ठेवणारा चिकित्सक मला षड्जाआधी तान शिकविणाऱ्या गुरूसारखा वाटतो.

यानंतर स्वराची दिशा. ताण घालविण्याच्या उपचारात ताण उतरेल तसा स्वर उतरावा, आणि मर्यादेखाली गेल्यावर तो मंद व्हावा किंवा थांबावा. पक्षाघाताने दुर्बळ झालेल्या हाताचे स्नायू जागे करावयाचे असतील तर नेमके उलट : प्रयत्न वाढेल तसा स्वर चढू द्यावा. एकाच सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही पर्याय असतात. मागच्या रुग्णासाठी ठेवलेली दिशा पुढच्याला तशीच लागू राहिल्यास गोंधळ ठरलेला. आवाजाची पातळी हलकी असावी. नाद कोणता, बासरीचा की तंबोऱ्याचा, हे रुग्णालाच विचारावे.

विजेची एक गोष्ट आपल्याकडे विशेष जपावी लागते. घरातील विद्युतप्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असतो, आणि त्याची गुणगुण स्नायूंच्या क्षीण संदेशात मिसळते. ती गाळून टाकणारी चाळणी सॉफ्टवेअरमध्ये असते. परंतु अमेरिकेतील वीज साठ आवर्तनांची असल्याने तिकडून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा साठाचा आकडा आधीच बसविलेला आढळतो. तो बदलून पन्नास केला नाही तर रुग्ण स्नायू सैल सोडतो, आणि ऐकतो मात्र भिंतीतील तारा. तपासणी सोपी आहे. संवेदक लावून रुग्णाला निश्चल बसवावे व एक तार हलकेच हलवावी. तेवढ्याने ध्वनी उसळला तर इलेक्ट्रोड सैल आहे असे समजावे.

बिनतारी इयरफोन सोयीचे खरे, पण त्यांत ध्वनी क्षणभर मागे पडतो. बोटांचे तापमान आणि घाम मुळातच संथ गतीने बदलतात, तेथे हा विलंब खपतो. स्नायूंच्या शिक्षणात मात्र हालचाल आणि तिचा ध्वनी यांची जोड तुटते; तेथे तारेचा इयरफोन किंवा साधा ध्वनिक्षेपक बरा. हिवाळ्यात भोपाळच्या तलावांवरून वारा सुटला की बाहेरून आलेल्या माणसाची बोटे गार असतातच. त्या गारठ्याला ताण समजू नये. त्याला आधी पंधरा मिनिटे खोलीत बसू द्यावे.

आठ-दहा बैठका झाल्या की प्रत्येक बैठकीची अखेरची पाच मिनिटे ध्वनी बंद ठेवावा. मापन चालू असावे, पण रुग्णाला काही ऐकू येऊ नये. ध्वनी असतानाचे आणि नसतानाचे आकडे जवळ जवळ आले, की संवेदक काढून ठेवावयास हरकत नाही. ते दूरच राहत असतील, तर ध्वनी पुन्हा सुरू करावा आणि मर्यादा थोडी सोपी करावी.