‘शुक्रतारा’ आणि आमचे आजी-आजोबा

यंदा आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या भावगीतांच्या कार्यक्रमासाठी गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं. त्याच महिन्यात आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. म्हटलं, एका फेरीत दोन कामं उरकू. एकमेकांच्या सोबतीनं म्हातारं होण्यावरचं एखादं छान भावगीत शोधायचं, कार्यक्रमात बसवायचं आणि घरीही लावायचं.

दोन आठवडे शोधलं. चांदणं मिळालं, पारिजात मिळाला, विरह तर पोत्यानं मिळाला. पण गुडघे दुखणारी प्रेयसी काही मिळाली नाही. जुन्या भावगीतांतली जोडपी कायम विशीतलीच. शेवटी आजीला विचारलं. ती मेथी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, “‘शुक्रतारा’ आहे ना! अजून वेगळं काय शोधतेस बेटा?”

“अगं, ते तर तरुण मुलामुलींचं गाणं आहे.”

“कोण म्हणतं?”

या ‘कोण म्हणतं’चं उत्तर शोधताना मला जे उमगलं, ते इथं मांडते.

आपल्या इंदूरकरांना ‘शुक्रतारा’ म्हणजे घरचं गाणं. ते गाणारे अरुण दाते १९३४ साली इंदूरलाच जन्मले. त्यांचे वडील रामूभैया दाते मोठे रसिक म्हणून नावाजलेले. अरुण दाते शिकले कापड गिरणीचं इंजिनिअरिंग, पण ओळखले गेले ते भावगीतांमुळे. ‘शुक्रतारा’चे शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची आणि सोबत आवाज सुधा मल्होत्रांचा. सुधाताई मूळच्या हिंदी सिनेमाच्या गायिका.

आता भावगीत म्हणजे काय ते पाहू. नाट्यपद म्हटलं की ते गाणारं पात्र आलं, त्याचं नाव आलं, नाटकातला प्रसंग आला. सिनेमाच्या गाण्याला नायक-नायिकेचा चेहरा चिकटलेला असतो. भावगीताला यातलं काहीच नसतं. असतात फक्त ‘मी’ आणि ‘तू’. १९३० च्या दशकात जी. एन. जोशींनी गायलेली ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ घरोघरी पोहोचली, तो काळ ग्रामोफोनच्या तबकड्यांचा. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. एवढ्या वेळात गोष्ट कशी सांगणार? म्हणून एक भावना, दोन-चार कडवी आणि फिरून फिरून येणारं ध्रुवपद, असा भावगीताचा साचा बसला. पुढे रेडिओ आला, तरी साचा बराचसा तोच राहिला.

माझ्या मते आजीच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग इथं आहे. गाण्यातल्या दोघांना नाव नाही, गाव नाही, वयही नाही. वीस वर्षांचं वय त्यांना आपण चिकटवतो. जागा रिकामी आहे. ज्याला बसायचं त्यानं बसावं.

दुसरा अर्धा भाग ‘शुक्रतारा’च्या ध्रुवपदात आहे. हे युगुलगीत. एक कडवं तो म्हणतो, पुढचं ती, मग पुन्हा तो, पुन्हा ती. दोघांची कडवी वेगळी, पण शेवटी मागणं एकच : जवळ राहा. सुंदर राहा असं नाही, तरुण राहा असं नाही, आयुष्यभर सुखात ठेवीन असं वचनही नाही. आणि हे मागताना एकच शब्द बदलतो. तो म्हणतो ‘अशी’, ती म्हणते ‘असा’. मराठीचं व्याकरणच इथं प्रेमाचं काम करतं. ईकार त्याचा, आकार तिचा. हा फरक ऐकायला येतो म्हणून कळतं की मागणारा एकटा नाही. तेवढंच समोरूनही मागितलं जातंय.

हा फरक किती मोलाचा आहे, ते मला घरी कळलं.

आजोबांना गेली पाच-सहा वर्षं कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र आणलंय, पण ते शिटी मारतं म्हणून बहुतेक वेळ टेबलाच्या खणात असतं. हळूहळू त्यांनी कार्यक्रमांना जाणं सोडलं. घरीही गप्प बसतात. आम्ही समजून चाललो होतो की त्यांचं गाण्यातलं मन उडालं. आजी त्यांच्याशी मोठ्यानं बोलते आणि मोठ्यानं बोललेलं काहीही भांडल्यासारखं वाटतं. साधं “चहा घेता का?” सुद्धा.

मी मोठा स्पीकर आणून आवाज वाढवून ‘शुक्रतारा’ लावलं. दोन मिनिटांत आजोबा म्हणाले, “बंद कर ते. नुसता गोंगाट आहे.”

मला वाईट वाटलं. मग याबद्दल वाचलं, आमच्या कानाच्या डॉक्टरांनाही विचारलं. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी झिजतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्यातही उंच, पातळ आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. त्यामुळे स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होतात. अ, आ, ओ असे भरदार स्वर बराच काळ टिकतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, “ऐकू येतं, पण कळत नाही.” आवाज वाढवला की आधीच ऐकू येणारे स्वर आणखी मोठे होऊन अंगावर येतात आणि हरवलेली व्यंजनं तशीच हरवलेली राहतात. बायकांचे आणि मुलांचे आवाज पुरुषांच्या आवाजापेक्षा उंच, म्हणून ते आधी निसटतात.

म्हणजे ‘शुक्रतारा’तला पहिला ‘शु’च आजोबांसाठी पुसट. आणि दोन आवाजांपैकी तिचा आवाज आधी गेलेला. त्याचं मागणं पोहोचतंय, तिचं उत्तर नाही. युगुलगीत त्यांच्यापुरतं निम्मंच उरलं होतं.

हे मी आजीला सांगितलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी हात पुसत आली, आजोबांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि अगदी खालच्या पट्टीत, हळू म्हणायला लागली. आजी गायिका नाही. सूर इकडेतिकडे होत होता. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला आजोबांनी हात वर केला.

“थांब. हे कडवं माझं आहे.”

आणि म्हणाले की सगळं! एक शब्द चुकला नाही. माणूस साधारण दहा ते तिशीपर्यंत जी गाणी मनापासून ऐकतो, ती उतारवयात सगळ्यांत पक्की राहतात, असं मी वाचलं होतं. ते डोळ्यांनी पाहिलं. चौथं कडवं पुन्हा आजीचं. तिच्या ‘असा’ला आजोबांनी मान हलवली. ते त्यांनी कानांनी ऐकलं की डोळ्यांनी, मला माहीत नाही. ‘आ’ म्हणताना तोंड उघडतं, ‘ई’ म्हणताना ओठ ताणले जातात. समोर बसलेल्याला हा फरक दिसतो. पण त्यासाठी समोर बसावं लागतं. जवळ राहावं लागतं.

नंतर आजीला विचारलं, “तू पहिलं कडवंही का म्हटलंस? ते तर त्यांचं होतं.”

“इतकी वर्षं स्वयंपाकघरात एकटीच म्हणून राहिली होती ना मी, दोन्हीकडचं म्हणायची सवय पडली,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “त्यांना काय माहीत होतं!”

आता आजी आजोबांशी ओरडून बोलत नाही. समोर जाते, खांद्याला हात लावते, मग हळू बोलते. यंत्रही खणातून बाहेर आलंय, निदान जेवताना तरी. मंडळाच्या कार्यक्रमात ‘शुक्रतारा’ घेतलंय आणि ते म्हणणारे दोघं एकमेकांसमोर बसणार आहेत. पहिल्या रांगेत, अगदी जवळ, दोन खुर्च्या मी राखून ठेवल्या आहेत. तुमच्या घरीही कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांना घेऊन या. स्पीकरचा आवाज आम्ही बेताचाच ठेवू.