रिश्टरचा आकडा आणि ढिगाऱ्याखालचा माणूस

भूकंपाची बातमी आली, की दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, 'डॉक्टर, किती रिश्टरचा होता?' या आकड्यावरून जमिनीतील ऊर्जा कळते, माणसांचे हाल कळत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ६.२ चा, तर २६ जानेवारी २००१ चा भूजचा ७.७ चा. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे भूजची ऊर्जा किल्लारीच्या शंभरपटीहून अधिक. तरीही लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात जवळपास ८ हजार माणसे दगावली. कारण घरे! दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद, आणि पहाटे चारच्या सुमारास सगळे गाढ झोपेत.

अशा वेळी पहिले काही तास शेजारीच डॉक्टर असतो. अडकलेल्याला हात धरून ओढू नये; मणका मोडला असेल तर कायमचे अपंगत्व येते. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर किंवा दारावर उचलावे. पाय कित्येक तास दगडाखाली दबला असेल तर आणखी एक धोका असतो. चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम व इतर द्रव्ये दगड उचलताच रक्तात उतरतात. हृदय थांबू शकते, नंतर मूत्रपिंडे निकामी होतात. 'बाहेर काढला तेव्हा बोलत होता हो,' असे नातेवाईक सांगतात ते यामुळेच. म्हणून शक्य असेल तर दगड हलविण्यापूर्वीच डॉक्टरांना बोलावून सलाइन सुरू करावे. जखम लहान असली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन हवेच.

प्रेतांमुळे साथ पसरते, हा समज मात्र सोडून द्यावा. भूकंपात दगावलेली माणसे बहुधा निरोगी असतात. त्या भीतीने ओळख न पटवताच सामुदायिक अंत्यविधी उरकले, तर घरच्यांना पुढे वर्षानुवर्षे त्रास होतो. साथ येते ती दूषित पाण्याने. पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकून प्यावे.

मदत पाठवताना घरातली उरलीसुरली औषधे पाठवू नका. नाव पुसलेली, मुदत संपलेली पाकिटे निवडत बसायला तिथे कोणाला वेळ नसतो. जुन्या कपड्यांचेही ढीगच होतात. पैसे उत्तम. वस्तूच द्यायची असेल तर आधी तिथल्या आरोग्य केंद्रात विचारून घ्या. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग यांच्या गोळ्या घराबरोबर गाडल्या जातात, आणि त्या रुग्णांची आठवण सर्वांत शेवटी होते.