ब्रेकचा दिवा लागला, तर नुसते ऑईल ओतून मोकळे होऊ नका



उसाच्या नोंदीसाठी आम्ही शिवारात येतो, तेव्हा खोडव्याच्या खताबरोबर गाडीचीही चौकशी होते. म्हणून हे चार शब्द.

कांदिवली आपल्याला माहीत झाली ती ट्रॅक्टरमुळे. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली निघाली व १९७७ साली महिंद्रामध्ये विलीन झाली. त्या जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक झिजल्याचे सांगणारा दिवा नव्हता. पेडल खोल जाऊ लागले की समजायचे. आता दारात मोटार आहे आणि ती दिवा लावून सांगते. पण सांगणे नीट ऐकले पाहिजे.

लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो. तो सोडूनही दिवा राहिला, तर बहुधा ब्रेक ऑईलची पातळी उतरलेली असते. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, मागची जागा ऑईल भरून काढते आणि डबीतली पातळी खाली जाते. म्हणून दिवा आधी वळणावर किंवा उतारावर लुकलुकतो. अशा वेळी नुसते ऑईल ओतले तर दिवा विझेल. झिजलेले पॅड मात्र तसेच राहतील!

काही गाड्यांत पॅडमध्येच तार बसवलेली असते. पॅड संपत आले की तार चाकाच्या डिस्कला घासते आणि वेगळा दिवा लागतो. अशी तार नसलेल्या बऱ्याच गाड्यांत पत्र्याची पट्टी करकर वाजते.

तेव्हा असे करावे :

१) गाडी सपाटीवर उभी करून ऑईलची पातळी पाहावी.
२) चारही चाकांचे ब्रेक मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. पॅड बदलताना एका बाजूचेच न बदलता जोडीने बदलावेत.
३) पॅड जाड असूनही ऑईल उतरत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर गळती समजावी. गाडी अजिबात चालवू नये.
४) झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ब्रेक ऑईल घालावे. इंजिन ऑईलने रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात.
५) नवे पॅड घालूनही पॅडचा दिवा राहिला, तर तार पाहावी. घासून तुटलेली तार पुन्हा चालत नाही. कधी उंदीरही वायर कुरतडतो.

दिव्याची वायर तोडून टाकणे हा काही इलाज नव्हे. ऊस एक दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडी घट येईल. ब्रेक लागला नाही तर माणूस जाईल. हंगामाआधी तपासणी करून घ्यावी, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी