मोबाईलमध्ये सापडलेली तालीम

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकेचाळीस जण आहेत. फजरनंतर जो पहिला मोबाईल उघडतो तो पहिला फॉरवर्ड टाकतो, आणि इशापर्यंत साठ-सत्तर मेसेज जमतात. औषध, नोकरी, शिष्यवृत्ती, शायरी, कुणाचे तरी भाषण. मी शिक्षिका म्हणून मला वेगळा फोन येतो, "बाजी, ये सच है क्या?" दर वेळी उत्तर देता येतेच असे नाही. पण त्या निमित्ताने शोधायची सवय लागली आणि शोधताना भलतेच काहीतरी हाती लागू लागले. ते मी एका वहीत टिपून ठेवते. त्या वहीतील काही पाने आज वाचकांसमोर ठेवत आहे.

पहिले पान माझ्या चुकीचे आहे. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एक मुलगा नवीन आला. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला, घरात दखनी बोलणारा. "माझी ओळख" या निबंधात त्याने लिहिले, "माझी तालीम उर्दू शाळेत झाली." त्याने निबंध वाचून दाखवला तेव्हा वर्ग हसला. एकाने विचारले, "कुस्ती कुणाबरोबर खेळलास?" मी वर्गाला गप्प केले खरे, पण वही तपासताना माझाही लाल पेन चाललाच. "तालीम"खाली रेघ मारून मी वर "शिक्षण" लिहिले. मुलगा त्या दिवसापासून वर्गात बोलेनासा झाला. मी स्वतः उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेली. दुसऱ्या कुणी ती रेघ मारली असती तर मला वाईट वाटले असते, आणि इथे तर मीच मारली होती.

त्या रात्री शोधता शोधता शिकागो विद्यापीठाची वेबसाइट सापडली. त्यांनी दक्षिण आशियातील भाषांचे जुने शब्दकोश सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. मोल्सवर्थ साहेबांचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश तिथे आहे, प्लॅट्स यांचा १८८४ सालचा उर्दूचा कोश आहे, आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या मंडळींनी १९३२ पासून १९५० पर्यंत काढलेला महाराष्ट्र शब्दकोशही आहे. मोल्सवर्थच्या कोशात शब्दापुढे कंसात एक अक्षर असते. "ए" म्हणजे अरबी, "पी" म्हणजे फारसी, "एस" म्हणजे संस्कृत. दात्यांचा कोश मराठीतच असल्यामुळे मुलांना तो जास्त सोपा जातो.

"तालीम" मूळचा अरबी. शिकवणे हाच त्याचा पहिला अर्थ. मराठीत येऊन तो आधी कसरतीचे शिक्षण झाला, मग ते शिक्षण जिथे मिळते तो आखाडा झाला, आणि नाटकवाल्यांनी तोच शब्द सरावासाठी घेतला. म्हणजे मुलगा शब्दाच्या मूळ अर्थाला धरून होता आणि हसणारा वर्ग आजच्या मराठीला धरून. दोघांचेही बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी तास सोडून वर्गाला हा खेळ दिला. शाळेतलेच शब्द घ्या आणि मूळ शोधा. हजेरी, गैरहजर, तारीख, अर्ज, इमारत ही सगळी अरबी मुळाची. दप्तर, तक्ता, शाई ही फारसीकडची. "रजा" म्हणजे अरबीत राजीखुशी, परवानगी. म्हणून रजा मंजूर व्हावी लागते. त्याच घरातला "राजीनामा". पण उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी केलेली तडजोड, आणि नोकरी सोडायची तर "इस्तीफा" द्यावा लागतो. उर्दूत "खुलासा" म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत "मजकूर" म्हणजे वर उल्लेख केलेला, मराठीत लिहिलेला सगळा ऐवज. आणि "शिकस्त"! उर्दूत ती हार, मराठीत मात्र प्रयत्नांची शिकस्त करणारा माणूस हार मानायला तयार नसतो. मुले खूप हसली, पण या वेळी कुणा एकाला नाही. त्या मुलाने हळूच सांगितले, "बाई, दादी 'खत आलं' म्हणते तेव्हा शेजारचे काका विचारतात, किती पोती?" शेतातले खत वेगळे, पण खरेदीखतातले खत हे दादीच्याच शब्दाचे भाऊबंद.

मराठीत गझल आणणारे माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश तयार केला होता. हे मला बी.एड. होऊन कितीतरी वर्षांनी कळले.

वहीतील दुसरे पान रेख्ताचे. ही वेबसाइट २०१३ साली सुरू झाली आणि बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. शेर उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिपींत वाचता येतो आणि शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. मी तिचा उपयोग मुख्यतः भांडणे मिटवायला करते. गालिब आणि इक्बाल यांच्या नावावर आमच्या ग्रुपवर जे येते, त्यातले बरेचसे त्या बिचाऱ्यांनी कधी लिहिलेलेच नसते. आमच्या एका मामूंनी वलिम्याच्या दावतीत गालिबचा म्हणून एक शेर ऐकवला. वाहवा झाली. माझ्या मुलीने त्यातले तीन शब्द रेख्तावर टाकून पाहिले, तर तो गालिबच्या शेरांत कुठेच नाही. तिने ते मोठ्याने सांगितले नाही, यात तिची तरबियत दिसली. मामूंना दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. एक कुरबूर मात्र माझी आहे. देवनागरीत सगळे मिळते म्हणून आमच्या मुलांची उर्दू लिपी शिकायची राहून जाते. रेख्तावाल्यांनीच लिपी शिकवण्यासाठी "आमोजिश" नावाचा मोफत वर्ग ठेवला आहे. माझी मुलगी त्यात सध्या अर्ध्या वाटेवर आहे.

तिसरे पान लिहिताना हात जड होतो. दर जानेवारीत फातिमा शेख यांच्यावरचे फॉरवर्ड सुरू होतात. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलने त्यांच्यावर डूडल केले, तेव्हापासून जास्तच. शाळेतल्या एका मुलीने त्यावरून भाषण तयार केले. त्यात जन्मतारीख होती, बालपण होते, सावित्रीबाईंशी झालेले संवादसुद्धा होते. मी विचारले, "हे कुठून घेतलेस?" म्हणाली, "ग्रुपवरून." मग आम्ही दोघी शोधायला बसलो. तारीख पन्नास ठिकाणी सापडली, पण तिचा जुना आधार एकाही ठिकाणी दिलेला नव्हता.

सापडले ते एक पत्र. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मयात ते छापलेले आहे. सावित्रीबाई आजारी होत्या, माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिले. पुण्यातल्या कामाची काळजी त्यांना लागून होती, आणि त्यात त्यांना आठवण आली फातिमाची. आपल्यामागे तिला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. जन्मतारीख नाही, बालपण नाही. एक बाई दुसऱ्या बाईवर किती विसंबून होती, एवढे मात्र त्यात आहे.

मुलगी हिरमुसली. "मग माझं भाषण दोन मिनिटांचंच होईल." मी म्हटले, होऊ दे. २०२५ च्या जानेवारीत फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही असा दावा समाजमाध्यमांवर गाजला, तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता संताप होता. तारखा आणि संवाद पाठवणाऱ्यांकडे उत्तर नव्हते. त्या मुलीने दोन ओळींत पत्राची तारीख आणि पुस्तकाचे नाव लिहून माझ्याकडे पाठवले. मी ते तसेच ग्रुपवर टाकले. आजवर मी टाकलेल्या मेसेजवर एवढी शांतता कधी झाली नव्हती.

सुट्टीत मुले घरी असतील तर अरविंद गुप्ता यांची खेळण्यांची वेबसाइट जरूर उघडा. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते तिथे चित्रांतून दिसते, आणि मराठी पुस्तकेही मोफत मिळतात. आम्ही काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेऊन आकार केले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुलाला आणि छपराला त्रिकोण का लागतात, हे माझ्या सासूबाईंनी नातवाच्या आधी ओळखले.

वर्गाच्या भिंतीवरची शब्दांची यादी आता दोन तक्त्यांवर गेली आहे आणि ती सांभाळायचे काम त्या मुलाकडे आहे. परवा त्याची जुनी निबंधाची वही मी मागवली. लाल रेघेशेजारी लिहिले, "चूक नाही. परीक्षेत मात्र 'शिक्षण' लिहावे." खाली सही केली. वही परत घेताना तो म्हणाला, "बाई, 'सही'पण अरबीच आहे. मी काल बघितलं."