देशाबाहेरचा वाढदिवस

आमच्या लहानपणी वाढदिवस कुठे करायचा, हा प्रश्नच नव्हता. पाट मांडला जाई, आई ओवाळी, वाटीभर खीर मिळे आणि दिवस संपे. आता आपल्यासारख्या चार माणसांच्या घरांतली मुलंही वाढदिवसाला दुबई-सिंगापूर गाठतात. आमच्या कन्येची एक मैत्रीण अशीच जाऊन आली आणि गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच ठराव मांडला गेला, "माझा सोळावा देशाबाहेर!" शिवाय दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास, म्हणजे तिथं वाढदिवस तेवढाच जास्त पुरतो, हा मुद्दाही होता.

ह्यांनी मुकाट्यानं बँकेचं पुस्तक पुढं केलं. ठराव तिथंच बारगळायचा. पण मी पडले मराठीची प्राध्यापिका. म्हटलं, "जाऊ की देशाबाहेर. गगनबावड्याला!"

वाचकांना उलगडा करायला हवा. आपल्या भाषेत घाटमाथ्यावरचा मुलूख तो देश आणि खाली समुद्राकडचं ते कोकण. कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावड्याला हा देश संपतो. तिथून एक वाट करूळ घाटानं वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावडा घाटानं खारेपाटणकडे. कुठलीही धरा, माणूस देशाबाहेर! "आई, ह्याला विनोद नाही, फसवणूक म्हणतात," कन्या म्हणाली. तरी डिसेंबरात गाडीत बसली. कानांत ती यंत्रं घालून, खिडकीकडे तोंड करून.

सोळा वर्षांच्या मुलांना वाढदिवसाला आईबाप नको असतात, हे शिक्षकी पेशात राहून मला ठाऊक आहे. त्यांना मित्रमंडळी हवीत. प्रवासात मात्र पळायला जागा नसते. आपण त्यांच्या वाट्याला येतो आणि ती आपल्या. माझा डाव तेवढाच होता. दोन वर्षांनी ती बाहेर शिकायला जाणार, आणि तेव्हाचं 'देशाबाहेर' काही भुईबावडा घाटाखालचं असणार नाही.

गगनगडाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर सासूबाईंनी पिशवीतून कुंकू, अक्षता, सुपारी नि निरांजन काढलं. ताम्हन घरी राहिलेलं. टपरीवाल्या मावशींनी भज्यांचं ताट घासून दिलं. सोन्याची अंगठी माझ्या बोटातली. पण घाटमाथ्यावरचा वारा! तीनदा ज्योत लावली, तीनदा विझली. शेवटी मावशींनी एक जर्मनचं पातेलं आडवं धरलं आणि त्याच्या पोटात निरांजन ठेवलं. कन्येला 'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम हे सांगावं लागलं. सांगितलं मात्र, ती अशी खळखळून हसली की कुंकू नाकावर आलं. "म्हणजे परदेशी माल आला म्हणायचा!" मावशींनी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला आणि पैसे घेतले ते फक्त चहाचे.

मग आम्ही गड चढलो. वाटेत गगनगिरी महाराजांचा मठ. बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. त्यांच्या नावावरचं आज्ञापत्र मी वर्षानुवर्षं शिकवते. त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज वगैरे परदेशी व्यापाऱ्यांविषयी, बजावलं आहे की ह्यांना समुद्रकाठी ठाणं मांडायला जागा देऊ नये. मी हे सांगू लागले तशी हे दोघं बापलेक पायऱ्यांवर भराभर पुढं सटकले.

माथ्यावरून खाली कोकण पसरलेलं. तिथं कन्येनं आपण होऊन विचारलं, "कोल्हापूरचे ते राजाराम महाराज बोटीनं गेले, ते किती वर्षांचे होते?" मी हा विषय मुद्दाम टाळला होता, तिनं तो आधीच वाचलेला. राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्सला वारले. अवघ्या विशीत. आर्नो नदीच्या काठी, तिला मुन्योने नदी मिळते तिथं, त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांचं स्मारक आहे, आणि १९७८ मध्ये पुऱ्या झालेल्या तिथल्या पुलालाही 'इंडियानो', म्हणजे 'हिंदी माणसाचा', असं नाव आहे.

"वीस," मी म्हटलं.

"तेव्हा महिना-महिना बोटीत जायचा गं. आता रोज फोन करीन मी," ती म्हणाली. तिनं माझ्या मनातलं ओळखलं, हे मला फारसं रुचलं नाही.

उतरताना भुईबावडा घाटात सासूबाईंनी तिथीचा विषय काढला. त्यांच्या मते खरा वाढदिवस अजून व्हायचाच होता. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरसाल अकरा दिवस मागं सरकते; अधिक मास आला की पुढं उडी मारते. एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास येतात, आणि मग तिथी नि तारीख पुन्हा जवळजवळ एका दिवशी भेटतात.

"म्हणजे एकोणिसावा. तो मात्र घरी करायचा हो, पाटावर बसून," त्या म्हणाल्या.

हे गाडीचं वळण सांभाळत होते. मी बाहेर पाहत होते. कन्येनं कानांतली यंत्रं केव्हाच काढून ठेवली होती. ती बोटांवर वर्षं मोजू लागली.

"तीन वर्षं, आजी. परीक्षा नसल्या तर."